निदान नाव तरी कळले



आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक आई मध्यंतरी आम्हाला भेटायला आली होती. हातात नेहमीची जाड फाईल होती. खुर्चीत बसण्याआधीच ती म्हणाली, "फादर, निदान नाव तरी कळलं," आणि रडू लागली. बातमी वाईट असावी असे समजून आम्ही पाण्याचा पेला पुढे केला. तेव्हा ती म्हणाली, "तसं नाही फादर, बरं वाटतंय म्हणून रडू येतंय."

तिचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. वर्षाचा झाला तरी तो मान धरत नव्हता. पुढे आकडी येऊ लागली. सहा वर्षे हे कुटुंब एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे फिरत होते. कोणी म्हणाले, काही मुले उशिरा शिकतात. कोणी म्हणाले, बाळंतपणात काहीतरी झाले असेल. शेवटी जनुकीय तपासणी झाली आणि काही महिन्यांनी आलेल्या अहवालात आजाराचे नाव होते. लांबलचक इंग्रजी नाव. त्यावर आज औषध नाही, हेही डॉक्टरांनी त्याच भेटीत सांगितले.

मग ही आई कशाने सुखावली? ज्या नावाने मुलाची प्रकृती तसूभरही सुधारली नाही, त्या नावात असे काय आहे?

हा प्रश्न आम्हाला टोचला. त्याचे कारण येथे कबूल केले पाहिजे. चार वर्षांपूर्वी ही आई आमच्याकडे सल्ला मागायला आली होती. आणखी एक महागडी तपासणी करावी का, असे ती विचारत होती. आम्ही तिला सांगितले की आता धावपळ पुरे, देवाची इच्छा म्हणून स्वीकारा आणि शांत व्हा. तिने मान डोलावली आणि ती निघून गेली. सल्ला चांगल्या मनाने दिला होता. पण तो चुकीचा होता, असे आज आम्हाला वाटते. तो का चुकीचा होता, याचा विचार आपण सर्व मिळून करू या.

ओस्लो शहरातील एक आई

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची एक खरी हकीकत येथे सांगणे उपयोगी ठरेल. नॉर्वे देशाची राजधानी ओस्लो येथे बोर्गनी एगेलँड नावाची एक आई राहत होती. लिव्ह ही मुलगी आणि डाग हा मुलगा, अशी तिला दोन मुले. जन्मतः दोघेही निरोगी दिसत. पण लिव्ह सहा-सात वर्षांची झाली तरी तिला मोजकेच शब्द येत. डाग चार वर्षांचा होत आला तरी चालत नव्हता, बोलत नव्हता, स्वतःच्या हाताने जेवत नव्हता. मुलांना एक चमत्कारिक, कुबट वास येई. त्या वासाविषयी आई डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारी. कोणालाही त्यात विशेष काही वाटले नाही.

१९३४ साली ती आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे पोचली. ते वैद्य होते, तसेच रसायनशास्त्राचेही जाणकार होते. मुलांना तपासून त्यांनाही प्रथम काही उमगले नाही. मग त्यांनी लघवीच्या नमुन्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. रंग गडद हिरवा झाला. असा रंग त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. औषधांचा परिणाम असेल म्हणून त्यांनी मुलांची सर्व औषधे थांबवायला सांगून पुन्हा तपासणी केली. पुन्हा हिरवाच रंग. मग कित्येक आठवडे ती आई लिटरमागून लिटर नमुने आणून देत राहिली आणि डॉक्टर ते गाळत, आटवत, तपासत राहिले. अखेर त्यांना फिनाइलपायरुव्हिक आम्ल हा पदार्थ सापडला. त्यानंतर त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या ४३० व्यक्तींची तपासणी केली, तेव्हा आणखी ८ जणांमध्ये तोच पदार्थ आढळला. आज त्या आजाराला फिनाइलकीटोन्यूरिया, थोडक्यात पीकेयू म्हणतात.

आजाराचे कारण पुढे स्पष्ट झाले. अन्नातील प्रथिनांमध्ये फिनाइलॲलॅनिन नावाचा एक घटक असतो. त्याचे रूपांतर करणारे यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, या मुलांमध्ये काम करीत नाही. मग तो घटक रक्तात साचतो आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा करतो. तो दुधात असतो, आईच्या दुधातही असतो. आई जे मायेने पाजत होती, तेच बाळाला बाधत होते, आणि हे तिला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

लिव्ह आणि डाग यांच्यासाठी मात्र उशीर झाला होता. १९३४ साली उपचार नव्हता. डाग लहानपणीच वारला. आईला नाव मिळाले, मुले बरी झाली नाहीत. म्हणजे आमच्या ओळखीच्या आईसारखीच ही कथा.

दोष कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नावाने काय दिले? आम्ही त्या आईला हेच विचारले. ती म्हणाली, "फादर, सातव्या महिन्यात मी मोरीत घसरले होते. कोणालाच सांगितलं नव्हतं. सहा वर्षं रोज रात्री मला तेच आठवायचं. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही."

बंधू-भगिनींनो, सहा वर्षे रोज रात्री! आम्ही तिच्या घरी कितीतरी वेळा गेलो, मुलाला आशीर्वाद दिला, चहा घेतला. हे ओझे आम्हाला दिसले नाही. उलट 'देवाची इच्छा' असे सांगून आम्ही निघून आलो. त्याचा अर्थ तिने काय लावला असेल? मी घसरले, म्हणून देवाने मला ही शिक्षा दिली, असाच ना?

आपल्या घरांत, आळीत अशा वेळी काय बोलले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रहणात हिने भाजी चिरली असेल. तिन्हीसांजेला बाहेर पडली असेल. कोणाची तरी नजर लागली. हिच्या माहेरीच असे काहीतरी असणार. आपण ख्रिस्ती आहोत, असल्या गोष्टी मानत नाही, असे आपण म्हणतो. पण बोलताना मात्र बोलतो. आणि दोषाचे बोट बहुतेक वेळा सुनेकडेच वळते.

पीकेयूसारख्या अनेक आजारांत शास्त्र काय सांगते? आई व वडील दोघांकडूनही एकेक सदोष जनुक बाळाकडे येतो, तेव्हाच आजार होतो. दोघेही स्वतः निरोगी असतात आणि आपल्याकडे असा जनुक आहे हे त्यांना माहीतही नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. येथे सासर आणि माहेर असा भेद उरत नाही. काही आजारांत तर सदोष बदल आई-वडिलांकडून येतही नाही; तो बाळातच नव्याने घडतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलने सांगितलेली चार प्रकारची कारणे पाठ केली होती. त्यातील दोन येथे कामाची आहेत. एक, ज्यामुळे गोष्ट घडते ते निमित्त. दुसरे, ज्यासाठी गोष्ट केली जाते ते प्रयोजन. मराठीत आपण दोन्हींसाठी 'का?' हा एकच शब्द वापरतो. "माझ्या बाळाला हे का झालं?" असे आई विचारते, तेव्हा त्या 'का'मध्ये तीन प्रश्न एकत्र असतात: हे कशामुळे झाले? हे कशासाठी झाले? आणि हे कोणाच्या चुकीमुळे झाले? डॉक्टर फक्त पहिल्याचे उत्तर देऊ शकतात. पण पहिल्याचे खरे उत्तर मिळाले की तिसरा प्रश्न बहुधा गळून पडतो. नावाने त्या आईला दिले ते हे. मुलाचा आजार गेला नाही. आईवरचा आरोप गेला.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला हाच तिसरा प्रश्न विचारला होता: पाप कोणाचे, याचे की याच्या आई-वडिलांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. हा उतारा आम्ही वेदीवरून कितीतरी वेळा वाचला आहे. मग आम्हाला त्या आईला हे सांगायला अहवालाची वाट का पाहावी लागली?

स्वीकार आणि शोध

"पण फादर," असे कोणी म्हणेल, "देवाची इच्छा स्वीकारू नये, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?" तसे नाही. पण स्वीकार कशाचा करायचा हे आधी कळायला हवे. ज्याचे स्वरूप ठाऊक नाही ते स्वीकारता येत नाही. त्यापुढे माणूस फक्त थकतो. थकव्याला आम्ही त्या दिवशी श्रद्धेचे नाव देत होतो.

मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या आकडी येणाऱ्या मुलाला प्रभूकडे घेऊन येतो. मुलाला बरे करण्यापूर्वी प्रभू त्या बापाला विचारतो की याला हे केव्हापासून होते आहे. बाप सांगतो, लहानपणापासून; मग आगीत पडणे, पाण्यात पडणे, सारे सांगतो. कोणत्याही चांगल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रभूने त्या बापाला गप्प बसवले नाही, त्याचे ऐकून घेतले. शोध घेणारा बाप अश्रद्ध ठरला नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शोधालाही मर्यादा आहे. पर्ल बक या अमेरिकन लेखिकेचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांना १९३८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची मुलगी कॅरल १९२० साली चीनमध्ये जन्मली. तिची वाढ खुंटली, तेव्हा त्या तिला घेऊन अनेक डॉक्टरांकडे फिरल्या. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मोठ्या डॉक्टरांनी आशा सोडू नका असे सांगितले. पण बाहेर पडताना एका दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला गाठून स्पष्ट सांगितले की ही मुलगी कधीही इतरांसारखी होणार नाही, तेव्हा तिच्या पुढच्या आयुष्याची तजवीज करा. ते शब्द कठोर होते. तरीही पुढे १९५० साली आपल्या मुलीविषयी लिहिलेल्या पुस्तकात पर्ल बक यांनी त्या डॉक्टरांविषयी कृतज्ञता व्यक्त केली. खऱ्या शब्दाने त्यांची वणवण थांबली. कॅरलच्या आजाराचे नाव मात्र त्यांना कित्येक वर्षांनी, १९६० च्या दशकात कळले. तो पीकेयूच होता.

म्हणून वणवण दोन प्रकारे थांबते: नाव सापडल्याने, किंवा कोणीतरी प्रेमाने व प्रामाणिकपणे सत्य सांगितल्याने. खोट्या आशेने ती थांबत नाही. आज आजार बरा करतो असे सांगून पैसे उकळणारे कमी नाहीत, आणि तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून मूल बरे झाले नाही असे सांगणारेही आहेत. हे दुसरे पहिल्यापेक्षा अधिक क्रूर होय. शोध कोठे थांबवायचा हे ठरविण्याचा अधिकार आई-वडिलांचा आहे. त्यांच्या सोबत बसून विचार करणे हे आमचे काम. त्यांच्यासाठी निर्णय देणे हे नव्हे.

मग हे कशासाठी झाले?

उरला दुसरा प्रश्न, प्रयोजनाचा. येथे आम्हा धर्मगुरूंची जीभ फार लवकर चालते.

ओस्लोची कथा पुढे सरकली. १९५१ च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांकडे पीकेयू झालेली एक लहान मुलगी होती. तिला बसता-चालता येत नव्हते. ती सतत रडे, डोके आपटे. उपचार नाही असे सांगितले तरी तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन विचारी, माझ्या मुलीसाठी काही सापडले का? शेवटी बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलॲलॅनिन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे रडणे थांबले. १९५३ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस रॉबर्ट गुथ्री या अमेरिकन संशोधकांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करायची सोपी चाचणी काढली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होते आणि त्यांच्या भाचीला पीकेयू होता. आज ज्या देशांत ही चाचणी प्रत्येक बाळाची होते, तेथे पीकेयू असलेली मुले पहिल्या आठवड्यांपासून योग्य आहार घेऊन शाळेत जातात, पदवी घेतात, संसार करतात. आपल्या देशात मात्र ही चाचणी सर्वत्र होत नाही.

आता असे म्हणण्याचा मोह होतो की पाहा, इतर मुले वाचावीत म्हणूनच देवाने लिव्ह आणि डाग यांना आजारी केले. बंधू-भगिनींनो, असे म्हणू नये. एखाद्या दुःखातून चांगले निष्पन्न झाले, म्हणून ते दुःख त्यासाठीच दिले होते असे सिद्ध होत नाही. परिणाम वेगळा आणि प्रयोजन वेगळे. डाग हा इतर मुलांसाठी वापरायचे साधन नव्हता. तो त्याच्या आईचा डाग होता. देव एका बाळाला दुसऱ्या बाळाच्या सोयीसाठी खर्ची घालतो, असे शिकविणे म्हणजे देवाविषयी खोटे बोलणे होय.

बर्मिंगहॅमच्या त्या हकीकतीतही एक खटकणारी गोष्ट आहे. आहाराचाच गुण आला हे सिद्ध करण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता फिनाइलॲलॅनिन पुन्हा मुलीच्या आहारात मिसळले. काही दिवसांतच मुलगी पुन्हा खालावली आणि आई हवालदिल झाली. पुरावा मिळाला, पुढे हजारो मुलांचे भले झाले. तरीही ती आई फसवली गेली, हे आपण विसरू नये. हेतू चांगला असला तरी माणसाचे साधन करता येत नाही.

ईयोबाचे मित्र प्रथम आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले. तोवर ते त्याचे खरे मित्र होते. तोंड उघडून कारणमीमांसा करू लागले, तेव्हा त्यांचे चुकले. 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नाही. क्रूसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मारियेलाही कोणी समजावून सांगितल्याचे शुभवर्तमानात नाही. योहान तिच्याजवळ उभा राहिला, एवढेच आपल्याला माहीत आहे.

आपण काय करावे?

ज्यांना अजून नाव मिळालेले नाही, अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. आजच्या जनुकीय तपासणीनंतरही अनेकांना उत्तर मिळत नाही. त्यांनी काय करावे? आम्ही म्हणू, आपण काय करावे? अहवालाने त्या आईला जे दिले, त्यातील मोठा भाग आपण पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो: "बाई, तुमचा दोष नाही." त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक सासूने, प्रत्येक नवऱ्याने, प्रत्येक शेजाऱ्याने हे म्हणावे, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा म्हणावे.

दुसरे, नाव सापडल्यावर मुलाला त्या नावाने ओळखू नये. स्नानसंस्काराच्या वेळी आम्ही आई-वडिलांना बाळाचे नाव काय ठेवले असे विचारतो. तेच त्याचे नाव. आजाराचे नाव फाईलवर राहू द्यावे. असे मूल मिस्सेच्या वेळी ओरडले तर मागे वळून पाहू नये. त्याच्या आई-वडिलांनी शेवटच्या बाकावर बसण्याची किंवा बाहेर उभे राहण्याची गरज नाही, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. अशा मुलांच्या प्रथम कम्युनिअनची तयारी त्यांच्या गतीने करून घेण्यास आम्ही व आमचे धर्मशिक्षक तयार आहोत.

तिसरे, मदत ठोस असावी. "काही लागलं तर सांगा," असे म्हणून आपण मोकळे होतो. त्यापेक्षा दोन तास मुलाजवळ बसून आईला झोपू द्यावे, भावंडाला शाळेतून आणावे, इस्पितळात सोबत जावे. माहिती म्हणून सांगतो: केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून त्याखाली नेमलेल्या विशेष केंद्रांमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे. कागदपत्रांसाठी कोणाला मदत हवी असल्यास त्यांनी धर्मग्रामाच्या कार्यालयात संकोच न करता यावे.

आपल्या भाषेत 'निदान' हा शब्द दोन अर्थांनी येतो. वैद्य करतात ते निदान, आणि 'निदान एवढे तरी' असे आपण म्हणतो ते निदान. त्या आईच्या बोलण्यात दोन्ही अर्थ होते. तिला पूर्ण काही मिळाले नाही, पण निदान नाव तरी मिळाले.

जाताना आम्ही तिला चार वर्षांपूर्वीच्या सल्ल्याची आठवण करून दिली आणि क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "फादर, तुम्ही नको म्हणालात त्याच आठवड्यात मी पैशांची जमवाजमव सुरू केली होती." मग फाईल पिशवीत घालून ती घाईने निघाली. मुलाच्या औषधाची वेळ झाली होती.

आपला,
प्रमुख धर्मगुरू